बीरोच्या हातचं ढेकूळ

पेटीत अकरा पुरचुंड्या असायला हव्या होत्या. केलेमेनने त्या दोनदा मोजल्या. तिसऱ्या वेळी प्रत्येकीवरचा लाखेचा शिक्का अंगठ्याने चाचपत मोजल्या, आणि तरी त्या दहाच भरल्या.

संत मार्टिनच्या सणाची सकाळ होती, घरोघरी हंस भाजायचा दिवस. दुपारी तीन वाजता संत दोनातच्या घुमटीपुढे टेकडीवरचे सगळे द्राक्षमळेवाले जमणार होते. केलेमेनचे सासरे आम्ब्रुश दोम्यान सत्तावीस वर्षांनी बीरोपद, म्हणजे टेकडीच्या न्यायनिवाड्याचं काम, खाली ठेवणार, आणि नव्या बीरोच्या हाती पेटी, शिक्का आणि काठी जाणार. त्याआधी पेटीतल्या वस्तूंची यादी करायची, हे पंच या नात्याने केलेमेनचं काम. पेटीला दोन कुलपं. एकाची चावी बीरोच्या गळ्यात, दुसरी पंचाच्या घरी. दोघं समोरासमोर बसल्याशिवाय पेटी उघडत नाही असा आमच्या टेकडीचा रिवाज, आणि केलेमेन तो आजवर खरा धरून चालला होता.

"कुठली नाही?" म्हाताऱ्याने विचारलं. सप्टेंबरात त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द एकेक करून निघत.

"कोझ्माची. सतरा वर्षांपूर्वीची."

आम्ब्रुशने झाकण लावलं. "चल. हंस गार होईल."

केलेमेन बघतच राहिला. कोणी घेतली, कधी घेतली, एक प्रश्न नाही. ज्या माणसाने एका टोपलीभर द्राक्षांच्या चोरीसाठी सगळी टेकडी उलटीपालटी केली होती, तो आज जेवायला चल म्हणत होता.

आणि पुरचुंडीही साधीसुधी नव्हती. आमच्याकडे हद्दीचं भांडण मिटेनासं झालं की शपथेवर जातं. वादातल्या जमिनीत गुडघाभर खड्डा खणतात, शपथ घेणारा त्यात अनवाणी उभा राहतो, बीरो त्या जमिनीचं ढेकूळ काढून त्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि तो माणूस म्हणतो, "ज्या जमिनीची ही माती, ती आमची." बूट काढायला लावतात, कारण कधीकाळी कुण्या लबाडाने बुटात घरची माती भरून आणली होती म्हणे. शपथेनंतर ते ढेकूळ फडक्यात बांधून, शिक्का मारून पेटीत जातं. ते पुन्हा उघडून पाहायची मागणी हरलेल्या माणसाला एकाच दिवशी करता येते, बीरो बदलतो त्या दिवशी. गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळं गाव ऐकत असताना, अशा वादात हरलेल्या कोझ्माची विधवा तेक्ला म्हणाली होती, "या वेळी माझी उघडा."

त्या खड्ड्यात सतरा वर्षांपूर्वी उभा होता वेंडेल. म्हाताऱ्याचा मुलगा, केलेमेनचा मेहुणा. आज नव्या बीरोसाठी टेकडीवर दोन नावं होती, एक वेंडेलचं आणि दुसरं केलेमेनचं. केलेमेन काही वाईट माणूस नव्हता. पण पुरचुंडी नाहीशी झाल्याने कोणाची सुटका होते, हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्यावर त्याला जरा बरंही वाटलं.

*

स्वयंपाकघरात बोर्बाला चुलीपुढे वाकून हंसावर चरबी सोडत होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, मागून येणाऱ्या जावयाचा पाहिला, आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखलं.

सत्तावीस वर्षं ती बीरोणबाई होती. बाजारात, चर्चमध्ये, खाली बालातोन तळ्यावरच्या धक्क्यावरसुद्धा लोक तिला त्याच नावाने हाक मारत. तिचं स्वतःचं नाव आता फक्त पाद्री घेत, तेही प्रार्थनेत. आम्ब्रुश निवडून आला त्याच संध्याकाळी तिने दोन्ही मुलांना पुढ्यात उभं करून सांगितलं होतं, आजपासून यांना बीरोसाहेब म्हणायचं. पोलीने विचारलं होतं, घरातसुद्धा? घरातसुद्धा. तेव्हापासून या घरात कोणी बाबा म्हणून हाक मारली नाही. एक नात होती, ती आजोबा म्हणायची. पण ती चार वर्षांचीच होऊन गेली.

काय झालं असेल, हे बोर्बालाने हंसाची तंगडी टोचून बघता बघता ताडलं. ती पुरचुंडीच. त्या पुरचुंडीत काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिला ठाऊक होतं. शपथेच्या दिवशी वेंडेल घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला माती लागली होती. वादातल्या, वेलींच्या चार ओळींची जमीन काळी. कॉलरवरचा डाग पिवळा. पिवळी माती दोम्यानांच्या स्वतःच्या मळ्यातली. बोर्बालाने सदरा उतरवून घेतला, लगेच राखेच्या पाण्यात टाकला आणि नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. मळा वाचला होता. तिच्या पोराने खोटी शपथ घेतली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. आणखी काय हवं?

पण आता कोणाच्या हातात गेली होती ती? तिने टेबलाकडे नजर टाकली. वेंडेल नव्या वाइनचं भांडं धरून बसला होता, चाळिशीतला, खांदे पडलेला. पोली पाव कापत होती आणि नवऱ्याकडे, केलेमेनकडे, बघायचं टाळत होती. वेंडेलची बायको आगोता नेहमीसारखीच खाली मान घालून ताटल्या पुसत होती. तिच्यावर बोर्बालाची नजर क्षणभरही थांबली नाही. जावयावर मात्र थांबली.

"काय हो जावईबापू, यादी झाली का करून? का अजून दोनचार सही-शिक्के व्हायचेत?"

"झाली, सासूबाई. एक जिन्नस कमी भरली."

"उंदरांनी नेली असेल."

"दोन कुलपं उघडणारे उंदीर?" केलेमेन हसला. "हुशार आहेत मग या घरातले."

बोर्बालाने हंसाचं तबक टेबलावर आपटलं.

*

हंस कापायचा मान घरातल्या कर्त्याचा. आम्ब्रुशचा उजवा हात सुरी धरेनासा झाला होता. सुरी टेबलाच्या मधोमध पडली होती. केलेमेनचा हात तिच्याकडे सरकला, वेंडेलचाही सरकला, आणि दोघेही थांबले. बोर्बालाने सुरी उचलून मुलाच्या हातात दिली.

"अजून दोम्यानांच्या घरात दोम्यान आहे," ती म्हणाली.

"असू दे की," केलेमेन म्हणाला. "तीन वाजेपर्यंत आहेच."

"म्हणजे काय?" वेंडेलने विचारलं.

"म्हणजे काही नाही, मेहुणेबुवा. काप तू. छातीचं हाड तेवढं बघ, पांढरं निघालं तर हिवाळा बर्फाचा, काळं निघालं तर चिखलाचा."

"नाही, तुझ्या बोलण्यात काहीतरी होतं."

"कोझ्माची पुरचुंडी पेटीत नाही. आता बोललो स्पष्ट. झालं समाधान?"

वेंडेलच्या हातातली सुरी हाडावर अडली. पोली म्हणाली, "अहो, जेवू द्या की आधी." पण तिचं कोणी ऐकलं नाही.

"माझ्यावर संशय घेतोस तू," वेंडेल म्हणाला.

"मी कशाला घेऊ? टेकडी घेईल. तीन वाजता तेक्ला उभी राहील, पेटी उघडेल, आणि आत पुरचुंडी नसेल. लोक विचारतील, शपथ कोणी घेतली होती? चावी कोणाच्या बापाच्या गळ्यात होती?"

"आणि दुसरी चावी कोणाच्या घरी होती?" बोर्बाला मधेच म्हणाली. "तुम्हाला बीरो व्हायचंय, जावईबापू. माझ्या पोराला वाटेतून काढायचं तर याहून सोपी युक्ती कोणती? स्वतःच लपवायची आणि स्वतःच चोर चोर म्हणून ओरडायचं."

केलेमेन लाल झाला. "मला बीरो होण्यासाठी चोरी करायची गरज नाही. मी कायदा वाचलाय. आजकाल बीरो म्हणजे नुसती काठी घेऊन टेकडीवर फिरणं नाही, सासूबाई. जिल्ह्याच्या न्यायालयात झगा घालून बसतो तोही बीरोच."

"आणि फुटबॉलच्या मैदानावर अर्धी चड्डी घालून शिट्टी फुंकतो, तोही बीरोच," वेंडेल म्हणाला. "तुला दोन्ही कपडे छान दिसतील."

पोली हसली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिल्यावर तिने पाव तोंडात कोंबला.

"न्यायालयातला बीरो कायदा वाचतो," आम्ब्रुश इतका वेळ गप्प होता, तो सावकाश बोलला. "टेकडीचा बीरो माती उचलतो. हा फरक आहे."

सगळे त्याच्याकडे वळले. वेंडेलला मात्र ते वाक्य लागलं. सतरा वर्षं तो एक गोष्ट मनाच्या तळाशी दाबून होता. खड्ड्यात उभं असताना त्याने डोळे मिटले होते. रिवाजाप्रमाणे बाकीचे लोक दहा पावलं मागे होते. फावडं जमिनीत शिरल्याचा आवाज त्याच्या पायापाशी यायला हवा होता. तो जरा लांबून आला होता, पाठीमागून, खालच्या अंगाने. युद्धावरून येऊन तेव्हा चारच महिने झाले होते, कानांत सतत घुमायचं, म्हणून त्याने त्यावर विश्वास ठेवला नाही. शपथ घेऊन झाल्यावर कोझ्मा मागून ओरडला होता, "माती बघा! आधी माती बघा!" तोवर बीरोने पुरचुंडी बांधून लाख ओतली होती. कोझ्मा पुढे मळा बायकोवर टाकून खाणीत कामाला गेला आणि तिकडेच छाती भरून मेला.

शपथेनंतर तीन महिन्यांत वेंडेलची चार वर्षांची पिरोश्का घटसर्पाने गेली. गावात कोणी तोंडावर बोललं नाही. पाठीमागे मात्र एकच कुजबुज होती. खोटी शपथ घेतली की माती घरातलं लेकरू घेते. आगोताने तेव्हा जो काळा रुमाल डोक्याला बांधला तो सोडला नाही, आणि दुसरं मूल झालं नाही.

वेंडेलला बीरो व्हायचं होतं ते काठीसाठी नव्हे. लोकांनी आपल्याला निवडलं तर त्याचा अर्थ एकच, त्यांचा आपल्या शपथेवर विश्वास आहे. एवढं एक त्याला ऐकायचं होतं.

"ती तेक्लाच घेऊन गेली असेल," बोर्बाला म्हणाली. "ती बाई पहिल्यापासून तसलीच. पोर आजारी असताना आपल्या उंबऱ्यावर निळी बरणी ठेवून गेली होती पहाटे. मी तशीच उकिरड्यावर भिरकावली. काय घातलं होतं कोण जाणे."

"ती कशाला चोरेल? तिलाच तर उघडायची आहे," केलेमेन म्हणाला.

"तुम्ही तिची बाजू घेताय!"

"मी अकलेची बाजू घेतोय."

"मग पोली, तू सांग," बोर्बाला मुलीवर घसरली. "तुमच्या घरची चावी कुठे असते?"

पोलीने मान वर केली नाही. केलेमेन म्हणाला, "माझ्या मेजाच्या खणात. कुलुपात. हिला तर माहीतही नाही."

"माहीत आहे," पोली म्हणाली.

तेवढ्यात आगोता उठली. तिने लाल कोबीचं भांडं बाजूला सारलं, कमरेच्या पिशवीतून एक मुठीएवढी पुरचुंडी काढली आणि हंसाच्या तबकाशेजारी ठेवली. लाखेचा शिक्का अखंड होता.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "बीरोसाहेब आजारी होते तेव्हा अंग पुसायला मीच होते ना. गळ्यातली चावी काढून घेतली."

"आणि दुसरी मी दिली," पोली म्हणाली. "दादाच्या पोरीची मी धर्ममाता होते. वहिनीने मागितली, मी दिली."

"माझ्या खणातून?" केलेमेनचा आवाज चिरकला.

"तुमचा खण हेअरपिनने उघडतो, अहो. बारा वर्षं झाली त्याला."

एरवी या वाक्यावर ते घर आठवडाभर हसलं असतं. आज कोणाच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. वेंडेल बायकोकडे बघत होता, जणू ती आत्ताच दारातून आत आली होती.

"का?" त्याने विचारलं.

"मला बघायचं होतं." आगोताचा आवाज अगदी साधा होता. "सतरा वर्षं मी तुमच्या शेजारी झोपते आणि मला माहीत नाही, माझी पोर तुमच्या तोंडच्या शब्दाने गेली की आजाराने. दोन महिने ही उशीखाली ठेवलीय. शिक्का फोडायचा धीर होत नाही. काळी निघाली तर शपथ वादातल्या जमिनीवरच लागली, मग लोक म्हणतात ते खरं. पिवळी निघाली तर..." ती थांबली. "पिवळी निघाली तर कोणाला धरायचं?"

बोर्बाला झटकन पुढे झाली. तिने पुरचुंडीवर झडप घातली, पण वेंडेलने तिचं मनगट धरलं.

"सोड! चुलीत टाकते! नाहीशी झाली म्हणजे सगळं संपलं!"

"सासूबाई म्हणतात ते बरोबर आहे," केलेमेन म्हणाला, आणि पोलीने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं. दहा मिनिटांपूर्वी याच माणसाने चोर शोधायला सगळं घर उभं-आडवं केलं होतं. "नाही म्हणजे... विचार करा. यात काही भलतंसलतं निघालं तर नाव फक्त दोम्यानांचं जाणार नाही. मी या घरचा जावई. पंच. यादीवर माझी सही. उंदरांनी खाल्ली असं लिहिता येईल."

"दोन कुलपं उघडणारे उंदीर?" पोलीने विचारलं.

वेंडेलने आईचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने त्याने पुरचुंडी बापापुढे सरकवली.

"बीरोसाहेब. तुम्ही बांधली होती. तुम्हीच सांगा."

*

आम्ब्रुशला ते फडकं ओळखू आलं. बोर्बालाच्या जुन्या ओढणीचा तुकडा होता तो, कडेला निळी रेघ. त्या दिवशी खिशात दुसरं काही सापडलं नव्हतं.

सांगायचं ठरवूनच तो सकाळी उठला होता. पुरचुंडी नाही म्हटल्यावर क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली होती.

"पिवळी आहे," तो म्हणाला. "उघडू नका हवं तर. पिवळी आहे."

बोर्बालाने मनगट सोडवून घेतलं. म्हातारा थांबत थांबत, एकेक शब्द जुळवत सांगू लागला.

"हद्दीचा दगड ढगफुटीनंतर दिसेनासा झाला होता. त्या चार ओळी आपल्या की कोझ्माच्या, मला ठाम माहीत नव्हतं. माझे वडील म्हणायचे आपल्या. तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास, वेंडेल. तू लढाईवरून जिवंत आला होतास. मी खड्ड्यापाशी उभा राहिलो आणि वाटलं, आपलं चुकत असेल तर? तर याच्या डोक्यावर खोटी माती पडेल. म्हणून मी दोन पावलं मागे सरलो आणि आपल्या मळ्यातलं ढेकूळ काढलं. 'ज्या जमिनीची ही माती, ती आमची.' तू खोटं बोलला नाहीस. ती माती आपलीच होती."

"मग मी शपथ कशाची घेतली?" वेंडेल ओरडला. "मी तिथे अनवाणी उभा होतो! लोकांनी मला बूट काढायला लावले, आणि लबाडी तुमच्या हातात होती!"

"हो."

"तुम्ही बीरो होतात!"

"बीरो व्हायचं होतं तेव्हा मी बाप झालो." म्हाताऱ्याच्या तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्याने बाहीने पुसली. "पुढल्या मार्चात छाटणीला गेलो तर दगड सापडला. चार ओळी खाली, गाळाखाली, आपल्या जागी उभा. ओळी कोझ्माच्या होत्या. मी तो परत पुरला."

"का नाही बोललात?" हे आगोताने विचारलं.

"पिरोश्काला जाऊन पंधरा दिवस झाले होते, सूनबाई. तेव्हा बोललो असतो तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, शपथ खोटीच होती, म्हणून पोर गेली. तू म्हटलं असतंस. मला वाटलं, एवढं तरी तुमच्यापासून दूर ठेवावं."

"नाही राहिलं दूर," आगोता म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही."

हंस गार झाला. शेवटी वेंडेल उठला आणि त्याने दारामागचं फावडं घेतलं.

"पावणेतीन झाले," तो म्हणाला. "चला. दगड कुठे पुरलाय ते दाखवा."

"वेंडेल, बाळा, निवडणूक..." बोर्बाला म्हणाली.

"आई, आज कोणी निवडून येणार नाहीये या घरातलं."

केलेमेनने तोंड उघडलं होतं. पोलीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला आणि त्याने ते मिटलं.

*

घुमटीपुढून लोक मळ्यात आले, चाळीस-पन्नास जण, टोप्या हातात घेऊन, एकमेकांत पुटपुटत. म्हाताऱ्याची कबुली आधी केलेमेनने लोकांना सांगितली, पंच या नात्याने. ते श्रेय त्याला द्यायला हवं. पुरचुंडी फोडली. पिवळी धूळ फडक्यावर पसरली. तेक्ला कोझ्माने ती पाहिली आणि एवढंच म्हणाली, "तो ओरडत होता. तुम्ही सगळे इथेच उभे होतात, आणि तो ओरडत होता."

मग वेंडेलने बूट काढले. बापाने दाखवलेल्या जागेशेजारी, नोव्हेंबरच्या ओल्या जमिनीत, त्याने स्वतःच गुडघाभर खड्डा केला आणि आत उतरला. आम्ब्रुशने काठी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि डाव्या हाताने फावडं मारलं. दुसऱ्याच घावाला ते दगडावर खणखणलं. लोक रिवाज मोडून पुढे सरकले. म्हाताऱ्याने हातांनी माती उकरली, दगडाची कड सगळ्यांना दिसली, आणि त्याच्या वरच्या अंगाचं काळं ढेकूळ उचलून त्याने मुलाच्या डोक्यावर ठेवलं. माती वेंडेलच्या कानांवरून, मानेवरून ओघळली. या वेळी वेंडेलचे डोळे उघडे होते.

"ज्या जमिनीची ही माती," तो म्हणाला, "ती कोझ्मांची."

तेक्ला त्याच्याकडे गेली नाही. ती मागे उभ्या असलेल्या आगोतासमोर जाऊन थांबली.

"तो रुमाल काढ," ती म्हणाली. "त्या फेब्रुवारीत खालच्या आळीतली सात पोरं त्याच आजाराने गेली. त्यांच्या बापांनी कुठल्या शपथा घेतल्या होत्या? माती पोरं मागत नाही, बाई. मी तुझ्या पोरीला शाप दिला असं वाटलं का तुला? पहाटे तुमच्या उंबऱ्यावर मध ठेवून गेले होते मी. घशासाठी. निळ्या बरणीत."

आगोताने सासूकडे पाहिलं. बोर्बालाने तोंडावर हात ठेवला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडायला लागली. मग पुढे होऊन तिने मुलाचे बूट उचलले आणि पोटाशी धरून उभी राहिली.

आगोताचे हात मानेमागे गेले. गाठ सतरा वर्षांची होती, सुटायला वेळ लागला. रुमालाखालचे केस पांढरे झालेले टेकडीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आम्ब्रुश अजून गुडघ्यांवरच होता. एक पाय साथ देत नव्हता. त्याला उठवायला हवं हे सगळ्यांना कळत होतं, पण कोणी पुढे होईना. दवंडीवाल्याने तोंड उघडलं, "बी..." आणि मिटलं. केलेमेनचंही तेच झालं. सत्तावीस वर्षं टेकडीकडे त्याला हाक मारायला एकच शब्द होता, आणि तो आता काठीशेजारी जमिनीवर पडला होता.

वेंडेल खड्ड्यातून वर आला. केसांतली माती त्याने झटकली नाही. तो वाकला आणि त्याने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले.

"बाबा, उठा," तो म्हणाला. "जमीन ओली आहे."